शरियत आणि तरीकत : मध्य भारतातील सूफी परंपरेची प्रस्तावना

सूफी मार्ग, म्हणजे तरीकत, इस्लामच्या आतला की बाहेरचा, या वादाला चौदाशे वर्षांच्या इतिहासात एकच एक उत्तर मिळालेले नाही. त्याचे मुख्य कारण असे की या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला साधनेचा : नमाज-रोजे पाळून शिवाय मन निर्मळ करण्यासाठी जिक्र करणे, एकांत धरणे, पीराच्या हातात हात देऊन त्याच्या आज्ञेत राहणे धर्माला मान्य आहे काय? दुसरा तत्त्वज्ञानाचा : ईश्वर आणि सृष्टी यांच्या नात्याविषयी सूफींनी जे मांडले ते तौहीदशी, म्हणजे निखळ एकेश्वरनिष्ठेशी, जुळते काय? तिसरा दर्ग्याचा : मजारीवर चादर चढवणे, नवस बोलणे, उरूस भरवणे, कव्वाली गाणे यांना शरियतीत, म्हणजे इस्लामी धर्मकायद्यात, आधार आहे काय? पहिल्या प्रश्नाला बहुसंख्य सुन्नी विद्वानांनी होकार दिला आहे. दुसऱ्यावर सूफींमध्येच दोन तट आहेत. तिसऱ्यावरचे भांडण आजही मिटलेले नाही, आणि गंमत अशी की ते भांडण बहुतेक वेळा सूफी आणि सूफीविरोधक यांच्यात नसते. एका सूफी घराण्याचे लोक दुसऱ्या सूफी घराण्याशी ते भांडत असतात.

साधनेचा पाया सूफी लोक एका प्रसिद्ध हदीसमध्ये दाखवतात. त्यात जिब्रील हा देवदूत अनोळखी माणसाच्या वेशात येऊन पैगंबरांना तीन गोष्टी विचारतो : इस्लाम म्हणजे काय, ईमान म्हणजे काय आणि एहसान म्हणजे काय. इस्लामच्या उत्तरात पाच आचार येतात, ईमानच्या उत्तरात श्रद्धेची कलमे. एहसानचे उत्तर असे की ईश्वर समोर दिसतो आहे अशा भावाने त्याची उपासना करावी, आणि तो दिसत नसला तरी तो आपल्याला पाहतो आहे हे ध्यानात ठेवावे. पुढे आचाराचे शास्त्र (फिकह) फकीहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, वाढवले, श्रद्धेचे कलामपंडितांनी. एहसानचे शास्त्र म्हणजेच तसव्वुफ, असा सूफींचा दावा आहे. बसऱ्याचे हसन (मृत्यू ७२८) आणि राबिया यांच्या काळात हे वैराग्य आणि ईशप्रेम होते. बगदादच्या जुनैद (मृत्यू ९१०) यांच्या हाती त्याला शिस्त आली. जुनैद स्वतः फिकहचे शिक्षण घेतलेले होते आणि कुरआन-हदीस न जाणणाऱ्याच्या मागे या वाटेवर जाऊ नये, अशी त्यांची शिकवण सांगितली जाते. अकराव्या शतकात कुशैरी यांनी अरबीत आणि लाहोरला येऊन राहिलेल्या हुजविरी यांनी फारसीत जे ग्रंथ लिहिले, त्यांचा बराचसा भर सूफी आणि शरियत यांच्यात विरोध नाही हे दाखवण्यावर आहे. त्यानंतर गझाली (१०५८–११११) आले. बगदादच्या निजामिया मदरशातले सर्वोच्च अध्यापकपद १०९५ मध्ये सोडून ते साधनेला लागले आणि त्यातून ‘इह्या उलूम अल-दीन’ हा ग्रंथ झाला. या ग्रंथाने तसव्वुफला सुन्नी विद्वत्तेच्या मध्यभागी बसवले. त्यानंतरच्या शतकांत मोठा आलिम (धर्मपंडित) बहुधा कुठल्या ना कुठल्या सिलसिल्याचा, म्हणजे सूफी गुरुपरंपरेचा, मुरीदही (शिष्यही) असे. कादिरी सिलसिल्याचे मूळपुरुष अब्दुल कादिर जिलानी (मृत्यू ११६६) हे हंबली या सर्वांत कडक मानल्या जाणाऱ्या पंथाचे विद्वान होते, आणि त्यांच्या एका ग्रंथावर सूफीविरोधाचे प्रतीक समजल्या जाणाऱ्या इब्न तैमिया यांनी आदराने भाष्य लिहिले आहे.

या कथेला काळी बाजू आहे ती मन्सूर हल्लाज यांची. ९२२ मध्ये बगदादला त्यांचा वध झाला. ‘अनल हक’ (मीच सत्य, म्हणजे ईश्वर) या उद्गारासाठी त्यांना मारले, असे मराठी वाचकही ऐकत आलेला आहे. खटल्यात मात्र काजीच्या निकालाचा आधार वेगळा होता : ज्याला मक्केला जाणे जमत नाही त्याने घरीच काही विधी करून हजचे पुण्य मिळवावे, असे त्यांनी लिहिल्याचा आरोप. त्यामागे खलिफाच्या दरबारातले राजकारण होतेच. तरीही कायदेशीर बोट कुठे ठेवले गेले हे पाहण्यासारखे आहे. उन्मनी अवस्थेतल्या उद्गाराचा अर्थ सौम्य करून सांगता येतो. पाच स्तंभांपैकी एकाला पर्याय दिला की तडजोडीची जागा उरत नाही. अजमेरच्या दर्ग्याला सात वेळा गेले की हज घडतो, अशी समजूत भारतात आजही ऐकू येते, आणि तिला मौलवींचा जो तीव्र विरोध असतो त्याचे मूळ इथे आहे.

दुसऱ्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी इब्न अरबी (११६५–१२४०) आहेत. खरे अस्तित्व एकाच ईश्वराचे, बाकी सारे त्याचे प्रकटीकरण, हा ‘वहदतुल वुजूद’चा विचार त्यांच्या नावाने ओळखला जातो. वेदान्ताशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाला तो लगेच जवळचा वाटतो; त्याच कारणाने अनेक आलिमांना तो धोक्याचा वाटला. इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी त्यावर कडाडून टीका केली. भारतात नक्शबंदी सिलसिल्याचे शेख अहमद सरहिंदी (१५६४–१६२४) यांनी वेगळी मांडणी केली : साधकाला सर्वत्र एकच दिसते हे खरे, पण ते दिसण्यापुरते, ईश्वर आणि सृष्टी यांत द्वैत कायमच राहते. दोघांतला भेद बराचसा शब्दांचा आहे, असे अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी म्हटले.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर हा वाद एका माणसाच्या चरित्रात मिटलेला दिसतो. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) शाफिई पंथाचे फकीह होते. कोकणातले मुसलमान आजही बहुसंख्येने शाफिई आहेत, आणि नित्य आचारावरील ‘फिकह-ए-मखदूमी’ त्यांच्या नावावर आहे. त्यांनी अरबीत कुरआनवर ‘तबसीर अल-रहमान’ हे भाष्य रचले, आणि हेच माहिमी इब्न अरबींचे ठाम अनुयायी आणि त्यांच्या ‘फुसूस अल-हिकम’ या ग्रंथाचे भाष्यकार होते. एका हाताने वुजूचे (नमाजापूर्वीच्या हातपाय धुण्याचे) नियम आणि दुसऱ्या हाताने वुजूदचे तत्त्वज्ञान लिहिण्यात त्यांना अडचण वाटली नाही. आज त्यांच्या दर्ग्यावर डिसेंबरमध्ये जत्रा भरते आणि पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. त्या गर्दीतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते की इथे निजलेला माणूस आधी कायद्याचा पंडित होता.

दख्खनमध्ये सूफी मंडळी मोठ्या संख्येने आली ती मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) त्यांत होते. त्यांची समाधी खुलताबादला आहे. त्यांच्या चिश्ती सिलसिल्याचा वादग्रस्त भाग म्हणजे समा, अर्थात भक्तिगीतांचे श्रवण. त्यावरून निजामुद्दीनांना दिल्लीत सुलतान गियासुद्दीन तुघलकासमोर आलिमांच्या सभेत जाब द्यावा लागला होता. चिश्तींनी समाला सरसकट परवानगी दिलेली नव्हती हे लक्षात घ्यायला हवे. गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणाऱ्याचे चित्त ईश्वराकडे असावे, पद अश्लील नसावे, वाद्य नसावे, अशा अटी निजामुद्दीनांच्या परंपरेत नोंदलेल्या आहेत. आजच्या हार्मोनियम-ढोलकीच्या कव्वालीला यातली निदान शेवटची अट लागू केली तर बहुतेक उरूस बंद पडतील. बुरहानुद्दीनांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी (मृत्यू १३६९) हे आधी समाला विरोध करणारे आलिम होते आणि नंतर शिष्य झाले, असे परंपरा सांगते. शिष्य झाल्यावरही त्यांचा करडेपणा गेला नाही. मद्यपी बहमनी सुलतानाला त्यांनी फटकारल्याच्या कथा आहेत.

याच जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या साध्या कबरीत, १७०७ पासून औरंगजेब आहे. हनफी कायद्याचा ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा प्रचंड संग्रह ज्याने करवून घेतला, त्या बादशहाने अंतिम विसाव्यासाठी सूफीचा शेजार निवडला. त्याच्याच कारकिर्दीत, १६६१ च्या सुमारास, दिल्लीत सरमद या दिगंबर फकिराचा शिरच्छेद झाला होता. सरमद हा औरंगजेबाचा प्रतिस्पर्धी भाऊ दारा शुकोह याचा स्नेही होता, हे तिथे त्याच्या नग्नतेपेक्षा अधिक भोवले असावे. औरंगजेबाला सूफींचा द्वेष्टा ठरवणारे आणि सूफीभक्त ठरवणारे, दोघेही यांतली एकेक घटना सोडून देतात.

रायपूर आणि छत्तीसगडच्या दृष्टीने या विषयाचे खरे केंद्र मात्र नागपुरात, ताजुद्दीन बाबांच्या ताजबागेत आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात शिरल्या आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच राहिली. मराठी कारकून-वकील ज्या वाटेने रायपूरला आले, त्याच तीनशे किलोमीटरच्या वाटेने भाविक ताजबागेकडे जात राहिले. छत्तीसगडात मुसलमानांची वस्ती २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २ टक्के. पण बिलासपूर जिल्ह्यातले लुतरा शरीफ किंवा रायपुरातला बंजारीवाल्या बाबांचा, म्हणजे सैयद शेर अली आगा यांचा दर्गा इथली वर्दळ या आकड्यात मावत नाही. दामाखेड्याचा कबीरपंथ आणि गुरू घासीदासांचा सतनामपंथ यांनी निर्गुणाची ओळख घरोघरी करून दिलेल्या या प्रदेशात हिंदू माणसाला पीराच्या दारी जाणे परके वाटले नाही, यात नवल नाही.

ताजुद्दीन बाबांचा जन्म मध्य प्रांत स्थापन झाला त्याच १८६१ साली, कामठी या लष्करी छावणीच्या गावी झाला. घराणे मद्रासी पलटणीतल्या शिपायांचे. आईवडील लवकर गेले, मदरशात शिक्षण झाले, तरुणपणी तेही पलटणीत भरती झाले. सागरला तैनात असताना दाऊद मक्की यांच्या मजारीवर ते रात्री घालवू लागले आणि नोकरी सुटली. कामठीला परतल्यावर त्यांना देहाचे, कपड्यांचे भान राहीना. भक्तांच्या कथनानुसार ते इंग्रजांच्या टेनिसच्या मैदानावर उघडेच गेले. २६ ऑगस्ट १८९२ रोजी त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. तिथे त्यांच्या दर्शनाला लोक येऊ लागले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी जामीन भरून त्यांना सोडवले आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात ठेवून घेतले. पुढे काही काळ ते सावनेरजवळच्या वाकी गावी राहिले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी ते वारले आणि ताजबागेत त्यांची मजार झाली.

अंगावर कपडा नाही, नमाजाची वेळ पाळली जात नाही, बोलण्यात तुटक कोडी. अशा माणसाला वली मानणे शरियतीत बसते काय, हा प्रश्न इथे सरळ उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शरियतीतच आहे. धर्माचे बंधन अक्कल शाबूत असलेल्या प्रौढावर असते. झोपलेला, अजाण मूल आणि भान गेलेला माणूस यांच्या हातून घडलेले नोंदले जात नाही, असे हदीस सांगते. ईश्वराच्या ओढीने ज्याचे भान हरपले त्याला सूफी मज्जूब म्हणतात आणि त्याला या तिसऱ्या सवलतीत बसवतात. म्हणजे मज्जूब शरियत मोडत नाही. तो तिच्या कक्षेतून तेवढ्यापुरता बाहेर असतो. पण याची दुसरी बाजू भक्तमंडळी सोयीने विसरतात. ज्याला सवलत आहे त्याचे अनुकरण करता येत नाही. शिहाबुद्दीन उमर सुहरवर्दी (मृत्यू १२३४) यांच्या ‘अवारिफ अल-मआरिफ’ या भारतीय खानकाहांत पाठ्यपुस्तकासारख्या वापरल्या गेलेल्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की नुसता मज्जूब गुरुपदाला योग्य नाही. ओढ आणि क्रमाने केलेली साधना हे दोन्ही ज्याच्यात आहे त्यानेच शिष्य करावेत. या कसोटीवर ताजुद्दीन बाबांना आदर देणे शास्त्राला धरून आहे. त्यांच्या नावाने नमाज सोडणे नाही.

सरमदला तलवार मिळाली, ताजुद्दीनांना कोठडी, आणि मग राजवाडा. तिन्ही निर्णय राजसत्तेचे होते. मज्जूबाचे काय करायचे हे मुफ्तीपेक्षा बादशहाने, सिव्हिल सर्जनने किंवा हिंदू राजाने ठरवले. भोसल्यांच्या इतिहासात तर हे नवीनही नव्हते. मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफांना नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली ही कथा प्रसिद्ध आहे; ते घराणे वेगळे, तरी रीत तीच.

बाबांच्या मृत्यूची तारीख हिजरी गणनेने २६ मुहर्रम १३४४. त्याच हिजरी वर्षाच्या शव्वाल महिन्यात, म्हणजे एप्रिल १९२६ मध्ये, मदिनेच्या जन्नतुल बकी कब्रस्तानातले पैगंबरांच्या कुटुंबीयांच्या कबरींवरचे घुमट इब्न सऊदच्या राजवटीने पाडले. नागपुरात एका कबरीभोवती गर्दी जमत असताना खुद्द पैगंबरांच्या शहरात कबरी सपाट केल्या जात होत्या. दोन्हीकडचे लोक स्वतःला सुन्नी म्हणत होते. ही राजवट ज्यांना मानत होती त्या मुहम्मद इब्न अब्दुल वहाब (१७०३–१७९२) यांच्या शिकवणीनुसार मृताकडे मागणे मागणे म्हणजे शिर्क, ईश्वराला भागीदार जोडण्याचे पाप. कबरीवर बांधकाम करणे त्या शिर्काला निमंत्रण. हिजाझमधल्या या घटनांनी भारतातल्या खिलाफतवाद्यांत उभी फूट पाडली. बाबा वारले त्याच १९२५ मध्ये तुर्कस्तानने सगळ्या सूफी खानकाहांना कायद्याने टाळे लावले, तेही उलट्याच कारणाने : तिथल्या धर्मनिरपेक्ष सरकारला त्या मागासलेपणाच्या खुणा वाटल्या.

भारतात आज मशिदी-मशिदींत जो भेद दिसतो तो देवबंदी आणि बरेलवी यांचा. देवबंदी म्हणजे सूफीविरोधी, ही समजूत चुकीची आहे. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या मदरशाचे संस्थापक चिश्ती-साबिरी पीर हाजी इम्दादुल्लाह मुहाजिर मक्की यांचे मुरीद होते. त्यांचा आक्षेप उरुसाला, नवसाला होता. जिक्र आणि बैअत (पीराच्या हातात हात देऊन घेतलेली दीक्षा) त्यांनी सोडली नाही. उलट बाजूला अहमद रजा खान बरेलवी (१८५६–१९२१) हे कादिरी. औलियांकडून मदत मागण्याचे त्यांनी समर्थन केले. पण मजारीला किंवा पीराला सजदा करणे त्यांनी हराम ठरवले, वाद्यांसह कव्वालीला मनाई केली आणि स्त्रियांनी मजारींवर जाण्याला विरोध केला. रायपूरच्या मौदहापाऱ्यापासून लुतऱ्यापर्यंत दर्ग्यांत जाणारा सर्वसाधारण मुसलमान स्वतःला बरेलवी समजतो. दर्ग्याच्या अंगणात जे चालते त्यातले पुष्कळ बरेलीच्या फतव्यातही बसत नाही. दर्ग्याची लोकरीत सूफी ग्रंथांनी घडवली नाही आणि ती त्यांच्या ताब्यातही नाही. म्हणून उरुसातला अतिरेक दाखवून तसव्वुफला दोषी ठरवणे, किंवा गझालींचा दाखला देऊन त्या अतिरेकाला मान्यता मिळवणे, दोन्ही गैरलागू आहे.

तसव्वुफलाच हात घालणारी टीका थेट हदीसवर चालू पाहणाऱ्या अहले-हदीस मंडळींनी आणि निराळ्या अंगाने अबुल आला मौदुदी यांनी केली. मौदुदींचा जन्म १९०३ चा, खुलताबादपासून जवळच्या औरंगाबादचा, आणि घराणे चिश्ती परंपरेचे. समाजाची पुनर्रचना करू पाहणाऱ्याने पीरी-मुरीदीची भाषाही टाळावी, असे त्यांनी सांगितले. मराठीत हा सारा विषय सेतुमाधवराव पगडी, रा. चिं. ढेरे आणि यू. म. पठाण यांच्यामुळे परिचित झाला. मात्र श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या ‘योगसंग्राम’सारख्या ग्रंथांमुळे भर समन्वयावर राहिला आणि शरियतीच्या बाजूचे म्हणणे मागे पडले.

अलीकडे या वादाला राज्यकर्त्यांची नवी फोडणी मिळाली आहे. मार्च २०१६ मध्ये दिल्लीत जागतिक सूफी परिषद भरली आणि पंतप्रधानांनी तिथे भाषण केले. ऑगस्टमध्ये चेचन्यातल्या ग्रोझनीच्या परिषदेने सुन्नी कोण याची व्याख्या करताना जुनैद यांच्या तसव्वुफला आत घेतले आणि सलफींना वगळले. त्यावरून अरब जगात गदारोळ झाला. सूफी म्हणजे सौम्य मुसलमान हे समीकरण सरकारांना सोयीचे असले तरी जैनुद्दीन शिराझी किंवा सरहिंदी यांना ते लागू पडत नाही.

दर्ग्याची व्यवस्थाही शरियतीच्या भाषेत बोलू लागली की काय होते, याचे उदाहरण मुंबईच्या हाजी अली दर्ग्याने दिले. पूर्वी स्त्रिया मजारीपर्यंत जात होत्या. २०१२ च्या सुमारास ट्रस्टने त्यांना गाभाऱ्यात मज्जाव केला आणि पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रीने जाणे इस्लाममध्ये मोठे पाप आहे, असे कारण दिले. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा मज्जाव घटनाबाह्य ठरवला. ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, पण ऑक्टोबरमध्ये पुरुषांइतकाच प्रवेश देण्याचे तिथे मान्य केले, आणि नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस स्त्रिया पुन्हा आत गेल्या.